पाण्याच्या कुंडीतल्या काठ्या

आत्याच्या अंगणात शिरलं की आधी शेळ्यांचा वास भेटायचा, मग शेळ्या, आणि सगळ्यांत शेवटी आत्या. कारण ती बहुतेक वेळा कुठल्या तरी शेळीच्या पोटाला कपाळ टेकून खाली बसलेली असायची. बेकरीच्या मागच्या गल्लीत, सायकली दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाला लागून, एक लाकडी दार होतं. ते उचलून ढकलावं लागे. आत फरशी घातलेलं लहानसं अंगण, अंगणात पाण्याची दगडी कुंडी, एका बाजूला दूध गाळायची खोली, दुसऱ्या बाजूला गोठा, आणि गोठ्यावर जिना चढून गेलं की राहायच्या खोल्या. एवढ्या जागेत तिचा सगळा जन्म मावला होता आणि वर थोडी जागा उरलीही होती.

तिला अख्खी गल्ली आत्या म्हणायची. सख्खी भाची एकच. बाकी सगळे मानलेले. ज्यांच्या तान्ह्या बाळांना गाईचं दूध पचत नसे त्या बाया आत्या म्हणत, शेळीच्या दुधाचा साबण करणारी बाई आत्या म्हणे, आणि तिच्याहून वयाने मोठा असलेला बेकरीवालाही आत्याच म्हणे.

"अरे, मी तुझी आत्या कशी? तू माझा काका शोभतोस," ती म्हणायची.

"माझा शिळा पाव तुमच्या शेळ्या खातात. नातं मी ठरवणार," तो म्हणायचा.

तरुणपणी तिचं लग्न ठरलं होतं. नवरामुलगा भला होता, पण त्याला शेळ्यांच्या वासाने शिंका यायच्या. अंगणात पाय टाकला की सुरू. त्याने सुचवलं, शेळ्या विकू या. आत्याने विचार करायला वेळ मागितला आणि धार काढायला बसली. कास रिकामी होईपर्यंत तिचा विचार झालेला होता. ही गोष्ट ती स्वतःच हसत सांगायची, आणि शेवटी न चुकता म्हणायची, "त्याचं पुढे चांगलं झालं हो. शिंकाही थांबल्या."

धार काढताना ती स्तोत्र म्हणत असे. सवय आईची, आवाज बापाचा, म्हणजे जाडाभरडा. एकदा तिचा घसा बसला तेव्हा शेळ्यांनी पान्हा चोरला होता. चर्चच्या पाळकाने एकदा तिला सांगून पाहिलं की स्तोत्रं देवासाठी असतात. "देव कुठूनही ऐकतो," ती म्हणाली, "शेळीला जवळून म्हणावं लागतं."

शेळीचं पोट फुगलं की आत्या तिला तेल पाजी, पोट चोळी, अंगणात फिरवी आणि चोळता चोळता प्रार्थना करी. हात रिकामे ठेवून केलेली प्रार्थना तिला कधी जमलीच नाही. पवित्र शास्त्र रोज वाचायची. पण कोणती शेळी कधी माजावर येईल, कोणाला किती चारा, करडू आडवं असेल तर आत हात कसा घालायचा, हे तिने शास्त्राला कधी विचारलं नाही आणि शास्त्रानेही आपणहून सांगितलं नाही. दोघांचं बरं चाललं होतं.

दर रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत ती मुलांचा वर्ग घ्यायची. घडीच्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, कपाटाचं एक दार खुर्चीने दाबून धरावं लागायचं, आणि कपाटात धड्यांची रंगीत चित्रं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट असेल तेव्हा आत्या टोपलीतून करडू घेऊन यायची. "मेंढरू नाही मिळालं, हे त्याचं मावसभावंड," ती म्हणायची, आणि करडू वर्गभर बागडून कोणाची तरी वही चघळायचं. आताचे पाळक याच वर्गात शिकले होते. त्यांनी लहानपणी करडाला मिठी मारून रडारड केली होती, घरी न्यायचं म्हणून. त्यामुळे गावाने कितीही 'पाळकसाहेब' म्हटलं तरी आत्याच्या तोंडी ते 'अरे' आणि 'तू'च राहिले.

तर या आत्याने, एवढी जाणती असून, कुंडीत काठ्या उभ्या केल्या. त्याचं असं झालं.

त्या वर्षी तिची भाची जनावरांची डॉक्टर होऊन गावातल्या दवाखान्यात लागली आणि वरच्या खोलीत राहायला आली. आत्याच्या धाकट्या भावाची ही मुलगी. भाऊ त्याच खोलीत आजारी होऊन गेला होता. शेवटच्या दिवसांत आत्या त्याच्या उशाशी बसून त्याला शास्त्र वाचून दाखवायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. भाची चर्चला जात नसे. रविवार तिच्या मते झोपेसाठी होता. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे, आणि रोज कशावरून तरी खटका उडे. आत्या खुशीत असली की तिला 'बाळा' म्हणायची, नसली की 'डॉक्टरीणबाई'.

वर्गात धडा आला याकोबाचा. याकोब सासऱ्याच्या शेळ्यामेंढ्या राखतो. सासरा लबाड, मजुरी ठरवून दर वेळी फिरवतो. शेवटी याकोब म्हणतो, ठिपकेदार आणि पट्टेरी करडं जन्मतील ती माझी, बाकी तुमची. सासरा लगेच कळपातली ठिपकेदार जनावरं बाजूला काढून दूर पाठवून देतो. मग याकोब हिरव्या काठ्या घेतो, त्यांची साल काढून पांढरे पट्टे पाडतो आणि शेळ्या पाणी प्यायला येतात तिथे त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या करतो. त्या काठ्यांसमोर शेळ्या फळतात आणि करडं होतात पट्टेरी, ठिपकेदार, बांडी. चित्रात याकोब चाकू घेऊन बसलेला, शेळ्या आश्चर्याने बघताहेत. मुलांना गोष्ट फार आवडली.

वर्गात दोन वेण्या घालणारी एक मुलगी होती. तिला सगळे 'वकील' म्हणत, कारण तिने कुठलंही वाक्य उलटतपासणीशिवाय सोडलं नव्हतं. आठवड्यात ती आपली मांजर लस टोचायला दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथे तिने डॉक्टरला विचारलं, मांजरीसमोर वाघाचं चित्र टांगलं तर पिल्लांना पट्टे येतील का? पुढच्या रविवारी तिने हात वर केला.

"आत्या, ताई म्हणते असं होत नाही."

"कसं होत नाही?"

"डोळ्यांनी पाहिलेलं पोटात उतरत नाही. रंग आई-बापाकडून येतो. ताई म्हणते, नाहीतर आत्याच्या गोठ्यात हिरवी करडं जन्मली असती. शेळ्या दिवसभर पालाच तर बघतात."

वर्ग खदखदून हसला. कपाटाचं दार दाबून धरणारी खुर्चीसुद्धा हलली. आत्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला सहज म्हणता आलं असतं, विचार करून सांगते. पण समोर हसणारी तोंडं होती आणि त्या हसण्यामागे, घरच्याच खोलीत झोपलेली, घरचाच चहा पिणारी डॉक्टरीणबाई होती.

"ताई काय म्हणते ते राहू दे," आत्या म्हणाली. "आपण करून बघू. माझ्या सगळ्या शेळ्या तपकिरी, बोकडही तपकिरी. काठ्या सोला, आणा, लावा. आणि करडं बांडी नाही झाली, तर तुम्ही दुसरी आत्या शोधा!"

हे शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि दारापर्यंत जाऊन उभं राहिलं. परत बोलवायला उशीर झाला होता.

त्या आठवड्यात अंगणात मुलांचा नुसता गोंधळ होता. ओल्या सालीच्या पट्ट्या फरशीवर स्प्रिंगसारख्या वळून पडल्या होत्या, आणि सोललेल्या लाकडाचा गोडसर, कच्चा वास शेळ्यांच्या वासालाही पुरून उरला होता. वकिलीणबाई कोणत्या काठीवर किती पट्टे याची तपासणी करत होती. काठ्या कुंडीत उभ्या राहिल्या. बोकड सोडला. आणि शेळ्यांनी कुंडीशी येऊन, आश्चर्याने बघण्याऐवजी, काठ्या खाऊन टाकल्या.

"आत्या! खाल्ल्या!"

"दिसतंय मला."

"याकोबाच्या शेळ्यांनी का नाही खाल्ल्या?"

"त्यांना वळण होतं," आत्या म्हणाली, आणि नव्या काठ्या आणायला मुलांना पिटाळलं.

पुन्हा काठ्या, पुन्हा फन्ना. शेवटी काठ्यांना तारेची जाळी लावावी लागली. भाची जिन्यात बसून चहा पीत हे सगळं पाहत होती.

"आत्या, जाळीचे चौकोन उमटले तर काय करायचं?"

"तू दवाखान्यात जा."

"नाही, म्हणजे चौकड्यांची करडं झाली तर शाळेच्या गणवेशाला बरी."

"डॉक्टरीणबाई, जा!"

शेळ्या गाभण राहिल्या. पोटं सुटू लागली तसे पाळक एका दुपारी दूध गाळायच्या खोलीत येऊन बसले, बसले म्हणजे उपड्या घातलेल्या कॅनवर टेकले. आत्या फडक्यातून दूध ओतत होती.

"आत्या, एक बोलू?"

"बोल. पाय आत घे, सांडेल."

"हे काठ्यांचं. मला झोप लागत नाही. करडं तपकिरी झाली तर मुलं म्हणतील पुस्तक खोटं. आणि बांडी झाली तर त्याहून वाईट. निम्मा गाव पोटुश्या सुनांसमोर गोऱ्यागोमट्या बाळांची चित्रं टांगेल आणि मला त्यांवर आशीर्वाद द्यायला बोलावेल."

आत्याला हसू आलं, फडकं निसटलं. "मग तुला नक्की काय हवंय? पट्टे की नकोत?"

"मला हवंय की तुम्ही काठ्या गुपचूप काढाव्या आणि पुढचा धडा घ्यावा. मुलं विसरतात."

"तू विसरलास? करडू घरी न्यायला दिलं नाही ते?"

पाळकांनी पाय आणखी आत घेतले. विसरले नव्हते.

ते गेल्यावर आत्या बराच वेळ तशीच बसून राहिली. फडक्यातून थेंब पडत होते. प्रत्येक थेंब पडताना भांड्यातलं पांढरं वर्तुळ उघडायचं आणि मिटायचं. तिला घोर करडांच्या रंगाचा नव्हता. रंगाचं तिला, खरं तर, ठाऊक होतं. एवढी वर्षं गोठ्यात काढून तपकिरी आई आणि तपकिरी बापाच्या पोटी तिने काय पाहिलं होतं ते तिच्या हातांना ठाऊक होतं. भीती वेगळीच होती. वर ज्या खोलीत भाची झोपते त्या खोलीत तिने ज्या पुस्तकातून भावाला वाचून दाखवलं, त्याच पुस्तकात ही काठ्यांची पानं शिवलेली होती. एकाच दोऱ्याने. हे पान निसटलं तर दोरा ओढला जाईल का? मग ते पान, ज्यावर बोट ठेवून तिने वाचलं आणि भावाचा श्वास शांत झाला, ते? हातांना जे माहीत आहे आणि ओठांनी जे म्हटलं आहे ते आजवर एकाच शेळीच्या दोन बाजूंनी सुखाने चालत आलं होतं. आता कोणीतरी त्यांना समोरासमोर उभं केलं होतं; आणि ते कोणीतरी म्हणजे ती स्वतःच होती. काठ्या तिने देवासाठी लावल्या नव्हत्या. जिंकण्यासाठी लावल्या होत्या.

भाचीलाही चैन नव्हतं. चेष्टा करून झाली, पण दिवस भरत आले तसं तिला आत्याचं तोंड बघवेना. एका सकाळी ती जिन्यावरून अर्धी उतरून म्हणाली, "आत्या, ऐक. दवाखान्यात येणाऱ्या एका माणसाच्या शेळीला ठिपकेदार करडं झाली आहेत. एक आणून आपल्या शेळीखाली लावू? कोणाला कळणार नाही."

"माझ्या शेळीला कळेल," आत्या म्हणाली. "ती वास घेईल आणि लाथ मारेल. आणि मग मीही मारीन, तुला."

"बरं, बरं. मी आपलं म्हटलं."

"बाळा," आत्या जरा थांबून म्हणाली, "पण तू म्हटलंस हे."

पहिली शेळी व्यायली ती सकाळी, कोवळं ऊन कुंडीवर आलेलं असताना. कळा लवकर सुरू झाल्या, शेळी पाय खरडू लागली, आत्याने बाह्या वर केल्या. भाची शेजारी गुडघ्यांवर. आधी दोन इवलेसे खूर दिसले, मग त्यांवर टेकलेलं नाक, जणू कोणी पाण्यात उडी मारायच्या तयारीत आहे. मग सगळंच घसरत, चमकत, वाफाळत गवतावर आलं. आत्याने नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, गवताच्या काडीने नाकपुडी डिवचली, करडू शिंकलं. आणि त्या शिंकेसरशी आत्या मोठमोठ्याने हसू लागली, एखादी पोर हसावी तशी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दर वेळी तिचं असंच व्हायचं. शेळी चाटत होती, करडू उभं राहायचा प्रयत्न करून नाकावर पडत होतं, पुन्हा उठत होतं, कास सोडून भलत्याच जागी, आत्याच्या कोपरात, दूध शोधत होतं. "अगं वेडे, इकडे, इकडे बघ," म्हणत आत्याने त्याच्या तोंडात सड दिला. शेपटी टकटक हलू लागली. चीक पोटात गेला. आत्याचा जीव भांड्यात पडला.

करडू तपकिरी होतं. कानांच्या टोकांपासून खुरांपर्यंत, एकाही ठिपक्याशिवाय, कडक चहासारखं तपकिरी. आपण हरलो आहोत हे आत्याला त्यानंतर आठवलं.

बाकीच्या शेळ्याही त्याच आठवड्यात व्यायल्या. जुळी झाली, एकीला तिळी झाली. अंगणभर तपकिरी उड्या. मुलं दारातून डोकावून गेली. वकिलीणसुद्धा नुसती वेणी चावत उभी राहिली आणि निघून गेली.

शनिवारी दुपारी आत्याने हात धुतले, पदराला पुसले आणि वर्गातल्या कपाटाची किल्ली खुंटीवरून काढली.

"कुठे निघालीस?" भाचीने विचारलं.

"पाळकाला किल्ली देऊन येते. शब्द दिला होता."

"पोरांना दिलेला शब्द आणि तू..."

"पोरांना दिलेलाच पाळायचा असतो. मोठी माणसं समजून घेतात."

भाचीने तिच्या हातातली किल्ली घेतली आणि टेबलावर ठेवली. "तुझं पुस्तक दे. बघू तरी त्या माणसाने काय केलं."

"आता कशाला?"

"दे गं."

भाची वाचायला बसली. तिने कित्येक वर्षांत ते पुस्तक उघडलं नव्हतं. वाचायची पद्धत दवाखान्याची, तपासणीचा अहवाल वाचावा तशी, ओळीखाली नख सरकवत. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी. खाली करडं ओरडत होती.

"आत्या, त्याला काठ्या सोल असं कोणी सांगितलं?"

"लिहिलंय ना."

"त्याने सोलल्या असं लिहिलंय. सोल असं कोणी म्हटल्याचं मला इथे दिसत नाही. आमच्याकडे हे पहिलं विचारतात. काय केलं हे एक, का केलं हे दुसरं, आणि कशामुळे झालं हे तिसरं. इथे पहिलंच आहे फक्त."

"मुलांच्या धड्यात तर गोष्ट इथेच संपते," आत्या म्हणाली. "पुढच्या रविवारी घेतो तो प्रवास. रात्रीतून पळून..." आणि ती थांबली. चौकटीपासून निघाली, खुर्ची ओढली, पुस्तक आपल्याकडे वळवलं. पुढचा अध्याय तिने किती वेळा वाचला असेल देव जाणे. पण दर वेळी घाईत, पळापळीकडे जाण्यासाठी. आता ती प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचू लागली. याकोब आपल्या बायकांना शेतात बोलावतो आणि सांगतो, मला स्वप्न पडलं होतं. स्वप्नात देवाच्या दूताने मला हाक मारली. डोळे वर करून बघ, म्हणाला, कळपातल्या माद्यांवर चढणारे सगळे बोकड पट्टेरी आणि ठिपकेदार आहेत. कारण तुझा सासरा तुझ्याशी कसा वागतो ते सगळं मी पाहिलं आहे.

आत्याने ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं.

"काठीचं नाव नाही," ती हळूच म्हणाली. "इथे काठीचं नावसुद्धा नाही गं. काठ्या त्याच्या स्वतःच्या डोक्यातल्या. बिचारा ऊन-पावसात बसून सोलत राहिला, आणि देव म्हणत होता, अरे, काठ्यांकडे काय बघतोस, बोकडांकडे बघ."

भाची ताडकन उठली. "आत्या! पण सासऱ्याने ठिपकेदार बोकड आधीच काढून नेले होते. उरलेले दिसायला एकरंगी. म्हणजे स्वप्नात दिसतंय ते आतलं! रंग लपून राहतात, आजी-आजोबांचे नातवंडांत उगवतात, हे आम्हाला शिकवतात तेच. म्हणजे तुझ्या पुस्तकात हे आधीपासून..."

"खाली बस," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत कित्येक दिवसांनी खट्याळपणा आला होता. "आता तू काठ्या सोलायला लागलीस."

"म्हणजे?"

"मी पुस्तकाकडून गोठ्याचं काम करून घ्यायला गेले. तू आता त्याच्याकडून तुझ्या परीक्षेचा पेपर सोडवून घेतेयस. त्या माणसाला रंगाचं काही कळत नव्हतं, आणि स्वप्नातही कोणी त्याला शिकवलं नाही. त्याला एवढंच सांगितलं की तुला फसवताहेत ते मी पाहिलं. त्याला तेच तर ऐकायचं होतं ना? वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला?"

भाची बसली. मग म्हणाली, "आणि रंगाचं कोण सांगणार?"

"तू. नाहीतर तुला शिकायला पाठवलं कशाला? बाप तुझा एवढा अभिमानाने सांगायचा."

बापाचं नाव निघालं होतं. आत्याने हात टाकून पुस्तकाचं ते दुसरं पान उघडलं, त्या खोलीत भावाला वाचून दाखवलेलं. अक्षरं जिथल्या तिथे होती. दोरा घट्ट होता. तिने पान नुसतं हाताने सपाट केलं आणि मिटलं.

रविवारी ती वर्गात आली ती टोपलीत सगळ्यांत धाकटं करडू घेऊन. टोपली खाली ठेवली, किल्ली टेबलावर ठेवली. पाळक दारात येऊन उभे राहिले होते, चेहरा परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा.

"मी हरले," आत्या म्हणाली. "करडं तपकिरी. ताईचं बरोबर, माझं चूक."

"मग पुस्तक खोटं?" वकिलीणबाई उभी राहिली. आवाजात नेहमीची धार नव्हती. तिला उत्तर 'हो' असेल याची भीती वाटत असावी.

"याकोबाने काठ्या लावल्या हे पुस्तकात आहे. पण काठ्यांमुळे झालं, असं देव म्हणाल्याचं मला सापडलं नाही. पुढचं पान मी नीट वाचलंच नव्हतं." आणि तिने ते पान वाचून दाखवलं. मग म्हणाली, "पुस्तकाने त्या माणसाची चूकसुद्धा लपवली नाही. मला वाटलं, त्याने केलं म्हणजे देवाने सांगितलं. पण तसं कुठे असतं? तुम्ही वर्गात काय काय करता, ते सगळं मी सांगितलेलं असतं का?"

"नाही!" सगळा वर्ग एका सुरात.

"तेच. आता ठरल्याप्रमाणे तुम्ही दुसरी आत्या शोधा. ही किल्ली."

टोपलीतून करडू उठलं, टेबलाच्या पायाला टक्कर देऊन बसलं. मुलं एकमेकांकडे पाहत होती. वकिलीणबाईने बाकीच्यांशी कुजबुज केली, वेणी मागे टाकली आणि पुढे आली.

"आत्या, तुम्ही शोधा म्हणालात, म्हणून आम्ही शोधली. आठवडाभर. करडं तपकिरी झाली तेव्हापासून."

"मग?"

"बेकरीवाल्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, मी बाई नाही. साबणवाल्या मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, मला गोष्टी येत नाहीत. पाळकसाहेबांना विचारलं."

"तो काय म्हणाला?"

"ते म्हणाले, मला स्वतःलाच आत्या लागते."

आत्याने दाराकडे पाहिलं. पाळक चपलेचा पट्टा नीट करण्यात गढून गेले होते.

"आमचा शोध संपला," वकिलीणबाईने निकाल दिला. "दुसरी नाही. पण एक अट आहे. ताईने येऊन सांगायचं, रंग लपतो तो कुठे लपतो."

"ती रविवारी झोपते गं."

"मग आपण तिकडे जाऊ."

आणि तो सगळा वर्ग उठला. कपाटाचं दार दाबून धरणारी खुर्ची कोणी घेतली कोण जाणे, दार धाडकन उघडलं आणि रंगीत चित्रं जमिनीवर घसरली; पण ती उचलायला कोणी थांबलं नाही. पुढे करडू कडेवर घेतलेली वकिलीणबाई, मागे पोरं, त्यांच्यामागे आत्या, आणि सगळ्यांत मागे 'अहो, उपासना सुरू व्हायचीय' म्हणत पाळक. अंगणाचं दार उचलून ढकललं, आणि जिन्याखाली उभं राहून सगळ्यांनी एकदम हाक मारली. ताई केस विंचरायच्या आतच खाली आली, डोळे चोळत, भिंतीला टेकली.

मग ती खडूने फरशीवर शेळ्या काढू लागली. आई, बाप, त्यांच्या आत मिटलेले ठिपके, ते कधी उघडतात आणि कधी पिढ्यान्‌पिढ्या झोपून राहतात. शेळ्या चांगल्या आल्या नव्हत्या, पोरांनी तसं स्पष्ट सांगितलं. तपकिरी करडं त्या चित्रांवरून उड्या मारत होती आणि अर्धी चित्रं त्यांच्या खुरांनी पुसली जात होती. पाळक कॅनवर टेकले होते आणि त्यांच्या मांडीवर, कसं कोण जाणे, एक करडू झोपलं होतं.

आत्या धार काढायच्या बुटक्या स्टुलावर मुलांच्या रांगेत बसली होती. सगळं काही तिला कळत होतं असं नाही. पण आपण आजवर हातांनी ओळखत आलो ते आता कोणी नाव घेऊन समोर मांडतंय, आणि त्याने छातीतलं काहीच हललं नाही, उलट जागा वाढली, हे तिला जाणवत होतं. तिने हात वर केला.

"आत्या, थांबा, माझा नंबर आहे," वकिलीण म्हणाली.

"अगं, मी कधीपासून बसलेय."

"विचार आत्या," भाची म्हणाली.

"हे सगळं ठीक आहे, बाळा," आत्या म्हणाली. "पण आता या पोरांना बांडं करडू दाखवायचंय मला. तुझ्या दवाखान्यात येणाऱ्यांत कोणाकडे बांडा बोकड आहे का, ते आधी सांग."